बिनक्लचची गाडी

मंद्रूपचा धोंडीराम सलगर ट्रक चालवायचा तेव्हा त्याचे मालक म्हणायचे, हा माल गाडीतून नाही, डोक्यावरून आणल्यासारखा आणतो. चादरींच्या गठड्या असोत नाहीतर काचेच्या बरण्या, सोलापुरातून निघालेला माल हैदराबादेत जसाच्या तसा उतरायचा. रस्त्यावर त्यानं कुणाशी चढाओढ केली नाही, की कधी दारूला शिवला नाही. सोलापूरच्या भवानी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत बायको मनकर्णा विड्या वळायची, हा रस्त्यावर असायचा आणि दोघांचं बरं चाललं होतं.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात उमरग्याच्या अलीकडं टायर बदलताना जॅक सटकला आणि भरलेला ट्रक त्याच्या डाव्या पायावर बसला. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पांघरूण बाजूला करून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "क्लचचा पाय गेला." उजवा उरलाय ना, असं सांगून मनकर्णा त्याची समजूत घालत राहिली. तिला क्लच म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

पुढं लाकडी पाय मिळाला. चामड्याचे पट्टे आवळून तो चालायला शिकला, जिना चढायला शिकला. पण ट्रकवर त्याला कुणी घेईना, आणि घेतलं असतं तरी त्याचा उपयोग नव्हता. दिवसभर घरात बसून तो विड्यांची पानं भिजवून द्यायचा. मनकर्णाच्या कात्रीचा आवाज ऐकत बसायचा. गल्लीतून एखादा ट्रक गेला की त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. मनकर्णा ते बघायची आणि मान खाली घालून पान कापायची.

पेठेतच लाडलेसाब मिस्त्रीचं गॅरेज होतं. धोंडीरामच्या ट्रकची सगळी कामं वर्षानुवर्षं त्यानंच केलेली. चौऱ्याहत्तर साली एका दुपारी तो हात पुसतच दारात आला.

"धोंडीराम, एक गाडी इकायची हाय. परदेशी, मोठी. उसको क्लचच नै."

"मोडलाय व्हय?"

"मोडला नै बाबा. मुळातच नै. एका पायाची गाडी हाय. गेर आपोआप पडतात."

धोंडीरामला ते खरं वाटेना. पण तो पायाचे पट्टे आवळायला लागला होता.

गाडी होती सुंदरम्मांची. त्यांचे यजमान कापसाच्या जिनिंगचा धंदा करायचे. ते गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती. पेट्रोल महागल्यामुळं असली धूड गाडी कुणाला नको होती. सुंदरम्मा कानडी वळणाचं मराठी बोलायच्या, आणि सरळ बोलायच्या.

"गाडी बघायला छान हाय की. पण दोनदा मधीच थांबली होती, सांगून ठेवते. मिस्त्री आला, तेल घातला, चालली. मागनं मला बोल लावू नको."

"न्हाय लावत, अम्मा," धोंडीराम म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष पायाशी होतं. तिथं खरोखरच दोनच पेडल होते.

तो बसला. स्टिअरिंगजवळचा दांडा खाली ओढला, उजव्या पायानं हळू दाबलं, आणि गाडी शेडमधून उन्हात आली. फाटकापर्यंत जाऊन त्यानं ब्रेक लावला आणि तसाच बसून राहिला. लाडलेसाब खिडकीशी आला तेव्हा धोंडीराम रडत होता. लाडलेसाब गाडीला एक वळसा घालून आला.

मंद्रूपची वाटणीची जमीन भावाला, सिद्रामला विकून त्यानं गाडी घेतली. सिद्रामनंच त्याला अडवायचा प्रयत्न केला. "दादा, जमीन कुटं पळत न्हाय. गाडीचं काय सांगावं?" धोंडीराम म्हणाला, "जमिनीवर मी उभा ऱ्हाऊ शकत न्हाय, सिद्राम. गाडीत बसू शकतो."

पहिले काही महिने त्याचं म्हणणं खरं ठरलं. एवढी लांबरुंद, चकचकीत गाडी खेड्यात कुणी पाहिलेली नव्हती. नवरदेवाला तीच पाहिजे असायची. लग्नसराई सरली की अक्कलकोटला, तुळजापूरला दर्शनाला जाणारी माणसं यायची. तो पुन्हा पहाटे उठून दाढी करायला लागला. पांढरा सदरा घालायला लागला. मनकर्णाला एकदा पुढच्या सीटवर बसवून त्यानं विजापूर रस्त्यावर फिरवून आणलं, तेव्हा ती सगळा वेळ रस्त्याकडं न बघता त्याच्याकडं बघत होती.

पहिल्यांदा गाडी बसली ती कुंभारी गावात, वरातीत. वाजंत्र्यांच्या मागं बैलाच्या चालीनं सरकून सरकून गेरबॉक्स तापला असावा. धोंडीरामनं पाय दाबला, इंजिन ओरडलं, पण गाडी जागची हलेना, आणि शेवटी इंजिनही बंद पडलं. नवरदेव बाशिंग सांभाळत उतरला आणि चालत देवळाकडं गेला. गाडीखाली तांबडं तेल ठिबकत होतं. लोक म्हणाले, ढकलून चालू करू. धोंडीरामनं दोन हातांनी स्टिअरिंग धरलं, दहा-बारा जणांनी ढकललं. ट्रक असा चालू होतो; ही गाडी होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

लाडलेसाबनं गेरबॉक्स उतरवून जुन्या चादरीवर उघडला आणि बराच वेळ नुसता बघत बसला. आत ओळखीचं काही नव्हतं. एकात एक बसलेल्या चकत्या, बारीक बारीक वाटांनी भरलेला एक चौकोनी ठोकळा, त्यात तांदळाएवढ्या स्प्रिंगा आणि गोळ्या.

"काय झालं असंल?" धोंडीरामनं विचारलं.

"चकत्या घासल्या हायत, एवढं दिसतंय. बाकीचं मला कळत नै, खरं सांगतो."

असल्या चकत्या सोलापुरात कुठल्या मिळणार? त्यानं ट्रकच्या क्लचचं अस्तर तासून, चिकटवून नव्या केल्या. बॉक्स जोडला. गाडी चालली, आणि पेठेतल्या चारचौघांनी लाडलेसाबची पाठ थोपटली. पावसाळा संपता संपता ती पुन्हा बसली. या वेळी तुळजापूरच्या घाटात, यात्रेकरू भरलेले असताना. पुन्हा उघडली, पुन्हा जोडली. मग पुण्याच्या एका कारखान्यात नेली. त्यांनी ठेवून घेतली, परत दिली, आणि ती मोहोळच्या पुढं सोलापूर दिसायच्या आत थांबली. मग मुंबईच्या भंगारातून तसलाच दुसरा बॉक्स आणून बसवला. तो आधीच कुणीतरी टाकून दिलेला होता. त्यानं चालायचं ते कितीसं चालायचं?

दुसऱ्या बॉक्सचा रिव्हर्स गेला तेव्हा धोंडीरामनं तो दुरुस्तच केला नाही. मागं न जाता जगायचं त्यानं ठरवलं. जिथं गाडी वळवता येईल अशाच ठिकाणी तो भाडं घ्यायचा. अरुंद गल्ली आली की तोंडाशीच थांबून प्रवाशांना चालायला सांगायचा. चुकून कुठं अडकला तर लोकांना हात जोडायचा, आणि लोक ढकलायचे. तो आत बसून राहायचा. म्हातारी माणसं गाडी ढकलताना आरशात दिसायची तेव्हा त्याला उतरून त्यांच्याबरोबर खांदा लावावासा वाटायचा, पण लाकडी पाय जोर घेत नव्हता, आणि स्टिअरिंगवर तर कुणीतरी पाहिजेच होतं.

हळूहळू भाडी कमी झाली. त्याच्याशी कुणी वाईट बोललं नाही. फक्त लग्नाचं विचारायला येणारी माणसं दारावरून पुढं जायला लागली.

एका सकाळी मंद्रूपहून निरोप आला. सिद्रामची बायको दगडाबाई पोटात कळा येऊन तळमळत होती. एस.टी.ला वेळ होता. धोंडीराम गाडी घेऊन गेला. दगडाबाईला मागं आडवं केलं, सिद्राम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. वडकबाळचा पूल ओलांडून गाडी चढाला लागली आणि धोंडीरामच्या कानांना ते आधी कळलं. इंजिनाचा आवाज वर गेला आणि गाडीचा वेग खाली आला. त्यानं दांडा खाली ओढला, वर केला, पुन्हा खाली ओढला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

सिद्रामनं विचारलं, "दादा, आता?"

विजापूरकडून एक ट्रक आला. चालवणारा हरिबा, धोंडीरामबरोबर एकाच मालकाकडं काम केलेला. त्यानं बघितलं आणि पटकन उडी मारली. दगडाबाईला ट्रकच्या केबिनमध्ये घेतलं, सिद्रामला शेजारी बसवलं. मग त्यानं दोर काढला.

"गाडी हितं ठिवू नका. चाकं बी काढून नेतील. बांधतो मागं."

"तुला उशीर हुईल."

"वझं काय न्हाय. बसा तुमी."

दोर बांधला. धोंडीराम आपल्या गाडीत बसला. पुढं ट्रकची पाठ, तिच्यावर रंगवलेला मोर आणि कमळ, उडणारी धूळ. किती दिवसांनी तो ट्रकच्या मागं एवढ्या वेगानं चालला होता. दगडाबाईची काळजी होती, तरी स्टिअरिंगवरचे हात सैल पडले होते. वाटेत जळका वास आला. हरिबाच्या ट्रकचे ब्रेक तापले असतील, असं त्याला वाटलं.

दगडाबाई वेळेवर दवाखान्यात पोचली. ऑपरेशन झालं, ती वाचली. धोंडीरामनं त्या दिवशी मारुतीला नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी लाडलेसाबनं बॉक्स उघडला. आतल्या चकत्या एकमेकींना चिकटून काळा गोळा झाला होता. तांबडं तेल डांबरासारखं झालं होतं.

"ओढत आनली?"

"व्हय. हरिबानं."

"चाकं जमिनीवर ठिवून?"

"मग काय खांद्यावर घेऊन?"

लाडलेसाब खाली बसला. बराच वेळ त्यानं तो काळा गोळा बोटानं खरवडला. "तेल फिरवायचा पंप इंजिनवर चालतो, धोंडीराम. इंजिन बंद, चाकं फिरतायत. आत कोरडंच घासत आलं सगळं." मग म्हणाला, "मला बी आत्ताच, हे बघून कळलं. आधी कळतं तर तुला बोललो नसतो का?"

"हरिबाला सांगू नकोस," धोंडीराम म्हणाला. तेवढंच.

आता एकच उपाय होता. असल्या गाड्यांना लोक डिझेलचं इंजिन आणि साधा गेरबॉक्स बसवून घेत. मग त्या मरत नाहीत. लाडलेसाब ते काम डोळे झाकून करू शकला असता. त्यानं तसं सांगितलं आणि सांगता सांगता थांबला, कारण धोंडीराम त्याच्याकडं बघत होता.

"आन क्लच मी कशानं दाबू?"

तरी त्यांनी करून बघितलं. लाडलेसाबनं लाकडी पायाच्या तळाला टायरचं रबर ठोकलं. गॅरेजात दुरुस्तीला आलेली एक जीप होम मैदानावर नेली. सकाळी गर्दी नसताना धोंडीराम तिच्यात बसायचा, मांडी उचलून लाकडी पाय क्लचवर ठेवायचा, कमरेतून जोर लावायचा. क्लच दबायचा. पण किती दबला, कुठं सुटायला लागला, हे लाकडाला कळत नव्हतं. जीप उडी मारून बंद पडायची. पुन्हा चालू करायची, पुन्हा उडी. मांडीला पट्ट्यांचे वळ उठले. मनकर्णा संध्याकाळी खोबरेल लावायची आणि विचारायची, "जमतंय का?" तो म्हणायचा, "जमंल."

एका सकाळी जीप खरंच चालली. मैदानाला तिनं अर्धा वळसा घातला. लाडलेसाब टाळ्या वाजवत मागं चालत होता. कोपऱ्यावर एक बाई शेंगांची पाटी घेऊन बसली होती. धोंडीरामनं थांबायला म्हणून क्लच दाबला आणि लाकडी पाय पेडलवरून घसरून ब्रेकच्या पेडलखाली अडकला. जीप पाटी चिरडून पलीकडं गेली आणि बंद पडली. बाई आधीच बाजूला पळाली होती, तिला खरचटलंही नाही. ती शेंगा गोळा करायला लागली. धोंडीराम खाली उतरला, तिच्याशेजारी एका गुडघ्यावर बसला आणि मातीतल्या शेंगा वेचून तिच्या पदरात टाकायला लागला. सगळ्या झाल्यावर त्यानं किल्ली लाडलेसाबच्या हातात दिली.

"माणसं मारायची न्हाईत मला," तो म्हणाला.

गाडी भाड्याच्या गाड्या ठेवणाऱ्या एकानं घेतली. लाडलेसाबनंच तिला डिझेल इंजिन आणि क्लच बसवला. ती व्यवस्थित चालायला लागली. लग्नं, यात्रा, वराती, सगळं पुन्हा तिच्याकडं आलं. ती चालवायला पंचविशीचा एक ड्रायव्हर होता, दोन धड पायांचा.

धोंडीरामला सुताच्या एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालं. फाटकाशी खुर्ची टाकून तो बसायचा. आलेल्या ट्रकला आत घेताना हातानं खुणा करायचा, आणि ड्रायव्हर म्हणायचे की या बाबासारखी मागं घेताना खूण कुणाला करता येत नाही. विजापूर रस्ता गोदामावरूनच जात होता. ती लांब गाडी दिवसातून एकदा तरी जायची. सुरुवातीला तो उठून उभा राहायचा. पुढं पुढं आवाज आला तरी मान वर करेनासा झाला.

सत्त्याहत्तर साली त्याच्या लायसनची मुदत संपली. ट्रंकेतले कपडे उन्हात घालताना मनकर्णाला ते सापडलं.

"अवं, हे नवं करून घ्या की. जवळ पडून ऱ्हाईल."

"कशाला?" धोंडीराम म्हणाला.

मनकर्णानं ते ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि वर कपडे रचले.