कॅमेऱ्यासाठी ढकललेला दगड

बी.ए.ला असताना सरांनी प्राचीन शिलास्मारकं शिकवली आणि मी त्या दगडांच्या मागेच लागलो. क्रेन नाही, यंत्र नाही, मग एवढाले दगड माणसांनी उभे केले कसे? धान रोवणाऱ्या आईबापाच्या पोरानेही असे प्रश्न विचारावेत, हे मला सरांनीच शिकवलं. ते उपकार मी आजही मानतो. म्हणूनच पुढचं आठवलं की जास्त किळस येते.

आलापल्लीच्या पलीकडे एका आश्रमशाळेत मी शिक्षक होतो. तिथल्या माडिया आदिवासींच्या गावात मेलेल्या माणसाच्या नावाने अजून दगड उभा करतात. आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या भाऊंचे वडील वारले होते. भाऊंना विचारून मी दगड उभा करायच्या दिवशी सरांना बोलावलं.

माणसांनी दगड ओंडक्यांवरून ओढत आणला. तो चढावर अडला तेव्हा कोणी म्हणालं, "बुढा जिता होता तवाबी असाच अडून बसे!" सगळे हसले. मग पायथा खड्ड्यात सोडला, लाकडी बल्ल्या लावून टोक उचललं, भोवती बारके दगड ठोकून माती भरली. मी भारावून पाहत होतो.

सरांची जीप पंक्चरमुळे उशिरा पोचली.

"अरेरे! असं करा, आडवा करून परत उभा करा. शूटिंग घेतो."

भाऊ गोंधळले. "माहा बाप उभा झाला जी. आता त्याले कसा पाडू?"

"पाडायचं नाही हो, नुसता आडवा. पुन्हा बकरा कापावा लागला तर त्याचे पैसे मी देतो."

"नाई जी."

तेव्हा दगड उभा केला जातोय असं कॅमेऱ्यात दिसावं म्हणून सरांनी सोबतच्या विद्यार्थ्यांना आणि ड्रायव्हरला शर्ट काढून दगडाला भिडवलं. "ढकला! जोर दिसला पाहिजे!"

"सर, पडला तं माह्या नावाचाबी दगड लावा लागन!" ड्रायव्हर म्हणाला आणि तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा तिथेच पायथ्याशी थुंकला. जीपवाले खदखदून हसले. माती ओली होती. दगड हलला, कलला.

"वा! हेच पाहिजे होतं!"

"सर, बस करा," मी म्हणालो.

"बाजूला हो रे, मध्ये येतोस."

भाऊंची आई तोंडावर पदर धरून ते पाहत होती. पुढे तिच्याच घरचा भात हे लोक पोटभर जेवले, पत्रावळी अंगणात टाकल्या आणि निघाले.

जीप गेल्यावर भाऊंनी पायथ्याची माती उकरली, थुंकीने लाल झालेली आधी. माणसं पुन्हा बल्ल्या घेऊन आली. मीही एका बल्लीला हात घातला.

भाऊंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या गुरुजी. तुमी नका लावू."

दगड सरळ झाला. मला कोणी जवळ बोलावलं नाही.