वरून दिलेलं गाणं

नवीन गाणं हाती आलं की भाई हेडफोन लावत, डोळे मिटत आणि ते शेवटपर्यंत ऐकत. ऐकता ऐकता त्यांचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं होई. मग हेडफोन टेबलावर ठेवून ते कानाच्या पाळीवर दोनदा टिचकी मारत आणि घरात कुणी आजारी पडल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणत, "चालन हे."

आणि ते चालायचंच. नव्वदच्या दशकात अकोल्यात जे जे गाणं गाजलं, ते आधी भाईंनी असंच तोंड कडू करून ऐकलेलं होतं. हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं. बार्शीटाकळीचे बँडवाले लग्नसराईच्या तोंडाशी दुकानात यायचे आणि चांगलं काय आलं ते न विचारता थेट म्हणायचे, "भाई, यंदा तुमाले कोनतं बिलकुल आवडलं नाही?" भाई जड मनानं चार गाणी सांगत. तीच चार गाणी पुढे तीन महिने चौकाचौकात वाजत.

बसस्टँडजवळच्या गल्लीत त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. आपण गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, संध्याकाळी भरलेली घ्यायची. मी तेव्हा एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन त्यांच्या पायरीवर बसत होतो. ते मला साहेब म्हणत. कचेरीत मला कुणी साहेब म्हणत नव्हतं, त्यामुळे मी रोज बसत होतो.

तुम्हीही ती गाणी ऐकली असतील. हौसेनं ऐकली नसली तरी एखाद्या वरातीत सापडला असालच. एकात पोरगी छत्री घेऊन नाचते आणि पाऊस काही पडत नाही. एकात गाणारा दर ओळीनंतर शिंकतो आणि मागे वीस जण त्याला साथ म्हणून शिंकतात. एकात प्रियकर प्रेयसीला बेचा पाढा म्हणून दाखवतो, तोही बे सक्कं बाराच्या चालीवर. गिऱ्हाइकांना नावं आठवत नसत. ती "शिंकेचं द्या", "पाढ्याचं द्या" असं मागत आणि भाई कव्हरवर तसंच लिहून देत. वर मला म्हणत, "साहेब, मी काय करून राहिलो माहीत हाय? लोकाइले जे पायजे, ते देऊन राहिलो. याच्याहून मोठा गुन्हा नाही."

पण त्या माणसाची एक खोड होती. कॅसेटच्या एका बाजूला सहा गाणी बसली की शेवटी दोन-तीन मिनिटांची टेप उरे. बाकीचे दुकानदार ती कोरी सोडत. भाई त्या जागेत न मागता एक चांगलं गाणं भरत. एखादी जुनी ठुमरी, कुणा म्हाताऱ्याची सतार, कधी अर्धी कव्वाली. आमच्या बाजारात भाजीवाली मापून झाल्यावर मूठभर मिरच्या टाकते आणि आपण तिला म्हणतो ना, "बाई, वरून टाक जरासं," तेच हे. भाई त्याला वरूनच म्हणत. "सहा तुमचे, हे वरून." किती लोकांनी ते ऐकलं, देव जाणे. बहुतेक जण सहावं गाणं संपलं की कॅसेट पलटवत. भाईंना तेही ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाई स्वतः गात. गल्ली ओस पडली की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून, माझ्याकडे पाठ करून एखादी ओळ म्हणत. आवाज असा होता की डबा धुवायला उठलेलो मी तसाच उभा राहत असे. पण पायरीवर तिसरं माणूस आलं की त्यांचा घसा बंद. "चार लोकाइत गाणं मले जमत नाही," म्हणत आणि तोंडात खर्रा टाकत. त्या सुपारी-तंबाखूनं पुढे काय केलं ते येईलच.

माझ्या बहिणीच्या हळदीसाठी मी त्यांच्याकडून कॅसेट भरून घेतली. छत्री, शिंक, पाढा, सगळं त्यात होतं. घर माणसांनी गच्च भरलेलं, नवरीच्या मैत्रिणी नाचत होत्या. सहावं गाणं संपलं. सगळ्यांचे हात हळदीनं भरलेले, म्हणून टेप बंद करायला कुणी उठलं नाही. बराच वेळ नुसती खरखर चालली. मग गलक्यात कुणीतरी काही बोलल्यासारखं झालं आणि एक पुरुषाचा आवाज बिनवाद्याचं, संथ काहीतरी गाऊ लागला.

"हे कोन रडून राहिलं बाप्पा लग्नाच्या घरात?" माझे मामा म्हणाले, आणि सगळं घर हसलं. मीही हसलो. कुणीतरी कोपरानं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी भाईंना म्हणालो, "भाई, ते शेवटी कोणाचं रडगाणं टाकलं? लोकं हसले ना." ते कॅसेटचं कव्हर कापत होते. कात्री थांबली. "हसले काय," ते म्हणाले. मग म्हणाले, "चुकून आलं साहेब. दुसऱ्याची टेप लागली व्हती."

मला त्याच क्षणी कळलं. आवाज मी रोज ऐकत होतो, हळदीच्या गोंधळात ओळखला नाही एवढंच. तिथल्या तिथं मी म्हणू शकलो असतो की भाई, माझं चुकलं. मी "बरं, बरं" म्हटलं आणि कचेरीत निघून गेलो. त्यानंतर माझ्या एकाही कॅसेटच्या शेवटी वरून काही आलं नाही. माझ्यासमोर ते पुन्हा गायलेही नाहीत. आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही, आणि विषय न काढता माणसं किती वर्षं काढू शकतात, हे मी स्वतःवरून सांगतो.

पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. भाईंनी दुकान बंद केलं. घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. लेक अमरावतीला शिकवणीच्या क्लासमध्ये शिकवते, ती त्यांना घेऊन गेली. मी अधूनमधून जात असे. ते जुन्या कॅसेटच्या कोऱ्या कव्हरांच्या पाठीवर लिहून बोलत. ती गाणी आता लग्नात "जुनी सोनेरी गाणी" म्हणून वाजतात, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी लिहिलं, "कचराबी वीस वर्ष ठेवला त खत होते."

दोन वर्षांपूर्वी लेकीचा फोन आला. "काका, अब्बाचा आवाज तुमच्या कोन्या टेपमंधी असन का? आवाज गेला तवा आमच्याकडं बटनाचा साधा फोन व्हता. काहीच ठेवलं नाही कोनी. माह्यी पोरगी पाच वर्साची झाली. ते मैत्रिणीले सांगते का आमच्या नानाले आवाज नसतेच. अब्बाले इचारलं त लिहून देते, जाऊ दे."

मी म्हणालो, "बघतो." बघायचं काय होतं? कॅसेट कुठल्या डब्यात आहे ते मला पंचवीस वर्षं माहीत होतं.

टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून घेतला आणि दोन्ही वस्तू पिशवीत घालून अमरावतीला गेलो. भाई पलंगावर होते, फार वाळले होते. मी कॅसेट काढली. त्यांनी कव्हरवरचं आपलंच अक्षर वाचलं, 'छत्रीवालं, शिंकेचं, पाढ्याचं', आणि माझ्याकडे पाहिलं. मी टेप पुढे पळवणार, तोच त्यांनी मनगट धरलं. जुनी टेप पळवली की तुटते, ती ऐकत ऐकतच न्यायची, हा त्यांचाच नियम.

म्हणून आम्ही सहाच्या सहा गाणी ऐकली. या वयात ते सोपं नाही. शिंकेच्या गाण्याला नात उठून नाचू लागली आणि प्रत्येक शिंकेला लोळण घेऊ लागली. भाईंचं तोंड तसंच काढा प्यायल्यासारखं झालं होतं. सहावं संपलं. खरखर सुरू झाली. ती जवळजवळ दोन मिनिटं चालली. टेपचं माप ज्याला डोळे मिटून कळायचं, त्या माणसानं दोन मिनिटं कोरी घालवली होती. गावं की नाही ते ठरवत बसले असतील. मग खाकरण्याचा आवाज आला आणि हळदीच्या घरात कुणालाच ऐकू न आलेले शब्द आले:

"साहेब, हे वरून."

लेक भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली. कापूस वेचायला गेलेल्या आईची वाट पाहणाऱ्या लेकराचं गाणं होतं, भाईंच्या आईचं. "माय येईन घरी, ओटीत आनीन..." एवढं झालं, आणि टेप संपली. बटण टक्कन वर आलं.

"हे नाना हायत," लेक म्हणाली. नातीनं एकदा यंत्राकडे, एकदा पलंगाकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "शिंकेचं लावा ना परत."

"भाई," मी म्हणालो, "तेव्हा मला कळलं होतं. मी बोललो नाही. माझं चुकलं."

त्यांनी मान हलवली आणि कव्हर मागितलं. लिहिलं, "माहीत हाय." लेकीनं विचारलं, "अब्बा, ओटीत काय आनीन? पुढचं लिहून द्या." ते बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, "आठवत नाही. पाढ्याचं पूर्न पाठ हाय." आणि हसले. आवाज नसलेलं हसणं बघवत नाही. टेपरेकॉर्डर आणि कॅसेट तिथंच ठेवून मी निघालो, तेव्हा त्यांनी ते कव्हर परत घेतलं, नातीकडे बोट दाखवून खाली आणखी एक ओळ लिहिली आणि माझ्या खिशात घातलं. रिक्षात बसल्यावर वाचलं. "हिनं नाक मुरडलं. चालन हे."

गेल्या हिवाळ्यात भाई गेले.

परवा सहज फोन केला तर तो नातीनं उचलला. आई आंघोळीला गेली आहे म्हणाली आणि फोन हातात धरूनच खेळत बसली. भांड्यांचा आवाज येत होता. मग ती स्वतःशीच गुणगुणू लागली. चाल अगदी बरोबर होती.

"माय येईन घरी, ओटीत आनीन," तिनं म्हटलं, जराशी थांबली, आणि गाण्याचाच भाग असल्यासारखं शेवटी म्हणाली, "टक."