मंग म्हशीचं काय झालं?

"हात दे इकडे," म्हणत सिस्टर आधी समोरच्याचं मनगट धरायच्या. नमस्कार वगैरे नंतर. दोन बोटं नाडीवर, नजर खांद्याशी साडीवर उलट्या टाचलेल्या घड्याळावर, आणि तेवढा वेळ तुम्ही बोलायचं नाही. नाडी सोडली की पुढचा प्रश्न ठरलेला: "मंग काय झालं?" कशाचं, ते तुम्हीच आठवायचं. मागच्या भेटीत तुम्ही दाढ दुखते म्हणाला असाल, बहिणीला पाहायला पाहुणे येणार म्हणाला असाल, तर त्याचा पुढचा भाग त्यांना हवा असे. मला अजूनही दाढ दुखली की आधी सिस्टर आठवतात आणि मग डॉक्टर.

सिस्टर म्हणजे नर्स. मिशनच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर लोकांनी नाव बदलायचे कष्ट घेतले नाहीत, म्हणून बाजारात, बसमध्ये, चर्चमध्ये त्या सिस्टरच राहिल्या. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहिलं तर तुम्हाला ती दुसरीच कोणीतरी बाई वाटेल.

आमची ओळख रेडिओमुळे. वर्ध्याहून सेलूकडे जाताना रस्त्याला लागूनच मिशनचं आवार आहे. तिथे कडुलिंबाखाली जुन्या दवाखान्याची चादरी ठेवायची खोली होती, त्या खोलीत चर्चच्या ट्रस्टचं छोटं रेडिओ केंद्र चालतं. आवाज पवनार, सेलू, आंजी एवढ्या टापूत पोचतो, त्यापलीकडे नुसती खरखर. मी तिथला ऑपरेटर. सेलूच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, घरी गणपती आणि कामावर ख्रिस्ती गीतं, आणि दोघांचीही माझ्याबद्दल कधी तक्रार आली नाही.

सुरुवातीला लोक आम्हाला ऐकायचे. गावातलीच मंडळी पेटी-ढोलकीवर गीतं म्हणायची, भाजीचे भाव सांगायची, कुणाची शेळी हरवली तर तेही सांगायची. मग कमिटीतल्या कुणाच्या तरी मनात आलं की हे फार गावठी होतंय. पुण्याहून तयार कार्यक्रम येऊ लागले. त्यातला आवाज इतका गुळगुळीत होता की ऐकताना माझीच मान पडायची. हळूहळू श्रोते गेले. फोन वाजायचा तो राँग नंबर. एक गृहस्थ गॅस एजन्सी समजून नेमाने सिलिंडर मागायचे, आणि मी त्यांच्याशीही भरपूर गप्पा मारायचो, कारण तेवढेच एक हक्काचे उरले होते.

शेवटी कमिटीने ठरवलं, नाताळापर्यंत वाट पाहायची. नाही सुधारलं तर केंद्र बंद, खोली संडे स्कूलला. कमिटीचे सेक्रेटरी मिशनच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. माणूस चांगला, पण बोलताना सगळं जग सहावीच्या वर्गात बसलंय असा सूर. त्यांनी मला बोलावून निर्णय सांगितला आणि दुसरं काम बघायला सुचवलं. दुसरं काम म्हणजे वडिलांच्या दुकानात तूरडाळ तोलणं. मला या खोलीचा, त्या बटणांचा आणि काचेपलीकडच्या माणसांचा लळा लागला होता. मी घरी काहीच बोललो नाही.

त्याच सुमारास सकाळच्या प्रार्थनेला कोणी वाचणारं उरलं नाही. लोकांनी फोनवर कळवलेल्या विनंत्या वाचायच्या आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, एवढंच काम. चर्चच्या पाळकसाहेबांनी सिस्टरांना पाठवलं. त्या छत्री टेकत आल्या, माझी नाडी पाहिली, "चहा कमी करजो" म्हणाल्या आणि माईकसमोर बसल्या. लिहून दिलेला कागद त्यांनी उलटा करून त्यावर चष्मा ठेवला, आणि वॉर्डात बोलत तशाच बोलायला लागल्या.

पहिल्याच आठवड्यात आंजीच्या एका बाईचा फोन आला. तिची गाभण म्हैस बसली होती, चारा घेत नव्हती. आमचं केंद्र कुठल्या देवाचं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं, म्हैस उठायला हवी होती. सिस्टरांनी मनापासून प्रार्थना केली. दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "मंग म्हशीचं काय झालं?" मी म्हणालो, मला काय माहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पेशंटला औषध देऊन पुन्हा त्याच्या खाटेकडे फिरकलोच नाही. दुपारी त्या आंजीच्या बसमध्ये बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवेवर त्यांचा आवाज आला. "आंजीची म्हैस उठली बरं का. मी पाहून आली. पण प्रार्थनेनं उठली का डॉक्टरच्या सुईनं, ते मले सांगता येत नाई. दोन्ही दिलं होतं."

मी काचेच्या अलीकडे बसून एकटाच हसलो. रेडिओवर इतकं खरं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग तो नेमच झाला. सकाळी विनंती, दुपारी बस, दुसऱ्या सकाळी हकीकत. पवनारच्या पोराची परीक्षा, कुणाच्या जावयाचं रुसणं, कुणाच्या विहिरीचं पाणी. चांगलं झालं तर चांगलं सांगायच्या, अर्धवट झालं तर अर्धवट. जावई परत आला होता, पण जेवला नव्हता, तेही त्यांनी सांगितलं. पदरचं काही घालायच्या नाहीत. सेलूला माझ्या वडिलांच्या दुकानातही रेडिओ सुरू झाला, मात्र मी दुकानात आलो की ते बंद करायचे. बापलेकांत असं चालतंच.

एकदा सेलूच्या बाजूच्या एका भाजीवाल्या शेतकरणीने सासऱ्यासाठी प्रार्थना मागितली. म्हातारा खाटेला खिळला होता. सिस्टर दोनदा जाऊन आल्या. तिसऱ्या खेपेला पोचल्या तेव्हा तिरडी बांधून होत होती. दुसऱ्या सकाळी त्यांनी माईक जवळ ओढला.

"आपण मागितलं. मिळालं नाई. काऊन नाई, ते मले माहीत नाई. सून एकटी पडली हाय, वांग्याची तोडणी राह्यली तिची. कोणाले वेळ असन तं जाजो."

सेक्रेटरीसाहेब तासाभरात हजर. मिशनच्या रेडिओवरून देवाने ऐकलं नाही असं सांगायचं? श्रद्धा वाढवायला केंद्र काढलं की मोडायला? ते मुद्देसूद बोलले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं सगळंच चूक नव्हतं. सिस्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"साहेब, मी वॉर्डात पेशंट गेला तं गेला म्हणूनच सांगितलं. नातेवाइकाच्या जवळ बसून सांगितलं, पण खोटं नाई सांगितलं. हे लोक आपले नातेवाईकच हायेत ना?"

साहेबांनी उद्यापासून सिस्टरांनी माईकवर बसायचं नाही, असं सांगून टाकलं. सिस्टर घरी गेल्या. पुण्याचा आवाज परत आला. जाताना त्यांनी माझी नाडी पाहिली, काही विचारलं मात्र नाही, आणि तेच मला फार लागलं.

आता पुढची गंमत ऐका. दोन सकाळी शांत गेल्या. तिसऱ्या सकाळी फोन वाजला. मला वाटलं, सिलिंडर. पवनारची एक बाई विचारत होती, त्या आंजीच्या म्हशीचं काय झालं, व्याली का? ही बाई आयुष्यात आंजीला गेली नव्हती. तो ठेवला तर दुसरा, जावई जेवला का? मग सेलूहून एकजण म्हणाला की वांगी तोडायला आम्ही पंधरा-वीस जण गेलतो, सिस्टरले सांगजो, सगळी तोडून झाली. दुपारपर्यंत माझा कान लाल झाला. सगळ्यांची विचारण्याची तऱ्हाही तीच: मंग काय झालं?

मी एक गोष्ट केली. सेक्रेटरीसाहेब हिशोबाला आले होते, त्यांच्यासमोर फोन ठेवला आणि मशीन पाहायचं निमित्त करून आत जाऊन बसलो. काचेतून मला ते दिसत होते. फोन उचलायचे, ताठ बसायचे आणि हळूहळू खाली घसरायचे. "कोणती म्हैस?" असं ते तीन वेळा म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले, "चौकशी करून कळवतो." शब्द दिला की पाळायचा, ही त्यांची जन्माची सवय. संध्याकाळी ते सिस्टरांच्या दाराशी उभे होते. काय बोलणं झालं, दोघांनीही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं आंजीला गेले. येताना साहेबांच्या एका हातात मेथीच्या जुड्या होत्या आणि धोतराला शेण लागलं होतं. सकाळी ते स्वतः माईकसमोर बसले, घसा साफ केला. "आंजी येथील म्हैस काल सुखरूप प्रसूत झाली असून—" तेवढ्यात शेजारून सिस्टर म्हणाल्या, "वगार झाली, साहेब. पोरगी झाली म्हशीले. ते सांगा ना." साहेबांनी सांगितलं. माझ्या वडिलांनी, मला नंतर कळलं, दुकानात गिऱ्हाइकाला पेढा दिला.

नाताळाच्या बैठकीत केंद्र बंद करायचा विषय निघाला नाही. कोणी कुठल्या गावी जाऊन हकीकत आणायची यावरून मात्र भांडण झालं, कारण पवनार सगळ्यांनाच हवं होतं. सिस्टरांनी एकच अट घातली होती: आपण जे सांगितलं, त्याचं पुढे काय झालं तेही आपणच सांगायचं. मग हवामानही तसंच सुरू झालं. काल पाऊस येईल म्हणालो, आला नाही, चुकलो. पिकावर मावा कीड पडल्यावर काय फवारायचं ते सांगितलं, पवनारला लागू पडलं, आंजीला नाही. गावची गीतं परत आली, ढोलकी थोडी बेताल, पण आपली. आम्ही इतक्या वेळा चुकलो म्हणून सांगितलं की लोकांचा आमच्यावर विश्वास बसला.

काही वर्षं अशी गेली, आणि ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं. पुढे सिस्टरांना दम लागू लागला. बसने जाणं आधी एक दिवसाआड झालं, मग बंद झालं. ज्या दवाखान्यात त्या उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या, तिथेच खाटेवर आल्या. मी भेटायला गेलो की तोंडाने श्वास घेत म्हणायच्या, "हात दे इकडे." स्वतःच्या हाताला सलाईन, आणि दोन बोटं माझ्या नाडीवर. मी दिवसभराचे फोन सांगायचो. त्यांना सगळं हवं असायचं.

एकदा मी म्हणालो, उद्या प्रार्थनेत तुमचं नाव घेतो.

"घेऊ नको."

"काऊन, सिस्टर?"

"घेतलं तं मंग तुले परत सांगा लागन." त्या हसल्या. "अन् तुले बोलता येत नाई माईकवर."

ते खरं होतं. इतक्या वर्षांत मी बटणं दाबली, बोललो कधीच नव्हतो. पण विनंती अडवणं माझ्या हाती नव्हतं. त्या आठवड्यात आंजीच्या म्हशीवाल्या बाईचा फोन आला, सिस्टर दिसून नाई राह्यल्या, त्यायच्यासाठी प्रार्थना करा. सेक्रेटरीसाहेबांनी नाव घेतलं. अख्ख्या टापूने ऐकलं.

सिस्टर गेल्या तेव्हा थंडी नुकती सुरू झाली होती. झोपेतच गेल्या. दुसऱ्या सकाळी साहेब माईकसमोर बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. लाल दिवा लागलेला होता. मी आत गेलो. ते उठले आणि त्यांनी मला खुर्ची दिली.

"सिस्टर काल गेल्या," मी म्हणालो. "आपण मागितलं. मिळालं नाही. काऊन, ते मला माहीत नाही." त्यांना फार त्रास झाला नाही तेही सांगितलं, आणि ते खरं होतं. मग गीत लावलं.

गीत संपेपर्यंत फोन वाजला नाही. नंतर वाजला तो आंजीच्या म्हशीवाल्या बाईचा. मला तिच्यामागे म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"मंग भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही जेवले का?"

मी खरं सांगितलं, नाही.

दुपारी आंजीच्या बसचा कंडक्टर फाटकाशी डबा देऊन गेला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, आणि त्याच म्हशीच्या दुधाचं दही. मी कडुलिंबाखाली बसून जेवलो. जेवताना रडू आलं, ते येऊ दिलं.

दोन दिवसांनी, प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच, पुन्हा फोन.

"मंग काय झालं?"

"कशाचं?"

"डब्याचं. खाल्ला का ठेवला?"

मी म्हणालो, खाल्ला सगळा, पण भाजीत मीठ थोडं जास्त झालं होतं. पलीकडे ती हसायला लागली ती थांबेचना. मग म्हणाली, बरं झालं सांगितलं, आता पुढच्या खेपेला कमी टाकते. मी फोन ठेवला, काचेपलीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि माईकचं बटण वर केलं.