ट्यूबच्या बुडाचा लाल ठिपका

दिगूकाका परवा गेले. दुकान त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं, आणि ते माझ्यामुळे केलं.

ग्रुपवर सगळे "लेजंड", "असा माणूस होणे नाही" वगैरे लिहितायत. लिहा बापड्यांनो. मला तसलं काही सुचत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नामपल्ली स्टेशनजवळच्या एका गल्लीत, जिना चढून वर, काकांचं रिपेअरिंगचं दुकान होतं. वडिलांच्या काळापासून रेडिओचं काम. रेडिओ संपले, तसे काका आम्हा गिटारवाल्यांचे ट्यूब ॲम्प दुरुस्त करायला लागले.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा पहिल्यांदा गेले. आगाऊपणा करून ॲम्पच्या मागचं झाकण काढून आत हात घालायला गेले, तर काका ओरडलेच.

"हात काढ! प्लग काढला म्हंजे झालं का? आत करंट बसून राहतंय. मरायचंय का माय तुला?"

नंतर शिकवलंही त्यांनीच.

पॉवर ट्यूब (ते वॉल्व म्हणायचे) जोडीनेच बदलायची. दोघींतून सारखा करंट जातोय का, ते मीटरवर बघायचं. ट्यूबच्या आतला पत्रा लालबुंद झाला की ताबडतोब बंद.

आणि नवी घालण्याआधी जुनी का जळली ते शोधायचं.

"कारण सापडल्याबिगर घातलीस तर नवी बी जळतीय. उगं कायकू जाळायचं?"

मीटरचं झालं की मग कान. स्पीकरला कान लावून, पेन्सिलने एकेका ट्यूबला हलकीशी टिचकी. जरा खरखर आली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आम्ही घड्याळं बघत बसायचो, काका ढिम्म.

पूर्ण समाधान झालं तरच ट्यूबच्या बुडाला काकूंच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका.

"ठिपका म्हंजे माझी जबान," म्हणायचे.

काकू वैतागायच्या. "माझी बाटली नेली ती नेलीच या माणसानं!"

एकदा असंच काम चालू असताना एकदम म्हणाले,
"माय, डोळे गेलेले कळतंय माणसाला. कान गेलेले कळत नाही. तुझे कान चांगले हायेत. माझं चुकायला लागलं तर सांगशील?"
"हो काका. तोंडावर सांगेन."
"पुण्याची हायेस, सांगशीलच," म्हणाले आणि मनापासून हसले.

मी नाही सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी माझा ॲम्प खरखर करायला लागला. काकांनी नवी जोडी घातली, टिचक्या मारल्या, कान लावला.
"शांत झाला बघ."

अहो, कुठला शांत! मला दारातून ऐकू येत होती खरखर.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी, तोंडावर बोलणारी बाई, म्हणाले, "मस्त झालाय काका."

त्यांनी दोन्ही ट्यूबना ठिपके लावले.

तेव्हा वाटलं, मी त्यांचं मन राखलं. कसलं मन अन् कसलं काय. शनिवारी कार्यक्रम होता, मला घाई होती आणि म्हाताऱ्या माणसाचा उतरलेला चेहरा बघायची हिंमत नव्हती. दुसऱ्याच दिवशी ॲम्प गुपचूप माधापूरच्या एका टेक्निशियनकडे नेला. त्याने काकांची जोडी काढून दुसरी घातली.

वर्षभराने त्या ट्यूबचा पत्रा लाल झाला. टेक्निशियन तोवर कॅनडाला गेलेला. मग निर्लज्जासारखी परत काकांकडे. ठिपक्याचं डोक्यातून साफ गेलं होतं.

काकांनी ट्यूब काढल्या. उलट्या केल्या. एक बघितली, दुसरी बघितली. चष्मा पुसला आणि परत बघितल्या.

"त्या दिवशी शांत नव्हता ना झाला?"

निदान तेव्हा तरी बोलायचं!

"झाला होता काका. नंतर बिघडला."

"हौ," म्हणाले. एवढंच.

मग कामाला लागले. एक कपॅसिटर गळत होता, तो शोधून बदलला. नवी जोडी घातली, मीटर लावला. पण स्पीकरला कान काही लावला नाही. पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तूच ऐक."

मी ऐकलं. "एकदम शांत आहे काका. खरंच."

या वेळी मी खरं बोलत होते. पण माझ्या "खरंच"ला आता काय किंमत होती?

दोन महिन्यांत दुकानाला कुलूप. लोकांना सांगितलं, जिना चढवत नाही.

काल विद्यानगरला त्यांच्या घरी जाऊन आले. एवढ्या दुःखात काकूंनी विचारलं, "तुझा ॲम्प चालतोय ना गं?"
"चालतोय काकू."
"तुझंच शेवटचं काम बघ. त्यानंतर कुणाचं घेतलंच नाही. दुकानात जाऊन नुसते बसून यायचे. तुझा ॲम्प दिला त्या दिवशी घरी आले अन् नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात ठेवली. म्हणले, घे तुझी, मला आता लागत नाही."

काकूंना ती गंमत वाटत होती. सांगताना हसल्या आणि मग रडायला लागल्या. मी त्यांनाही काही सांगू शकले नाही.

घरी येऊन ॲम्प उघडला. प्लग काढून, आत बसलेला करंट उतरवून, शिकवलं होतं तस्सं.

दोन्ही ट्यूब उलट्या करून बघितल्या.

ठिपका नाही.

दोन वर्षं हा ॲम्प एकदाही कुरकुरला नाहीये. इतकं चोख काम, आणि त्यावर त्या माणसाने आपली जबान दिली नाही.

माझ्याकडे लाल नेलपॉलिश आहे. बाटली उघडलीसुद्धा. पण मी लावलेला ठिपका काकांचा कसा होणार? ठेवून दिली.

काका, त्या दिवशी खरखर होती. दारातून ऐकू येत होती.

श्रद्धांजली वाहायला तोंड नाही मला. नुसता नमस्कार करते.