एंटर दाबण्याआधी

धुळ्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात एक सहकारी माझ्या शेजारी बसतो. सर्व्हरच्या कमांड त्याला तोंडपाठ. कुणी अडलं की लगेच ग्रुपवर नेमकी ओळ टाकतो. पण फाइली उडवणारी कमांड असली, की टाइप करून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरतो, ओळ मोठ्यानं वाचतो आणि स्वतःलाच अहिराणीत विचारतो, "हाऊ कोनता सर्व्हर शे?" मगच एंटर. आम्ही त्याला हसायचो.

काल दुपारी एका दवाखान्याच्या टेस्ट सर्व्हरवरचे जुने रिपोर्ट मला काढायचे होते. त्याचीच ओळ चिकटवली, एंटर दाबलं. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही.

"झालं! एररसुद्धा नाही," मी म्हणालो.

त्यानं खुर्ची ओढून पाहिलं. शेजारीशेजारी दोन विंडो उघड्या होत्या, दोन्ही सारख्याच काळ्या. माझी ओळ टेस्टच्या नव्हे, दवाखान्याचं रोजचं काम चालतं त्या चालू सर्व्हरच्या विंडोत होती.

"भाऊ, बठ्ठं, सगळंच उडालं तरी हाई मशीन काही बोलत नाही," तो अगदी हळू म्हणाला.

तेवढ्यात दवाखान्याचा फोन वाजला. वाजत राहिला. उचलणार कोण? आमचे चारही हात मांडीखाली होते.