गप्प मुलीला विचारायचं काय

मी मुकी नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वाडीत अर्ध्या लोकांना अजून तसंच वाटतं. घरात, गोठ्यात, काजूखाली मी भरपूर बोलायचे. पण चार माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली की दातखीळ बसायची. शाळेत गुरुजी ओरडायचे, "माझ्याकडे बघून बोल!" डोळ्यांत बघितलं तर मला ऐकूच येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? पाठीत धपाटा. त्यात आणखी एक खोड, घाबरले की मला हसू यायचं. मग दुसरा धपाटा. याला ऑटिझम म्हणतात, स्वमग्नता म्हणतात, हे मला केस पिकल्यावर कळलं. तेव्हा, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, खेड तालुक्यात आमच्याकडे एकच शब्द होता, विचित्र.

शब्द अडले की मी हातांनी भागवायचे. समोरच्याचं मनगट धरायचं आणि हवं तिथे न्यायचं. तहान लागली की आईचा हात माठावर. गलक्यानं डोकं फिरलं की वहिनीचा हात माझ्या पाठीवर, आणि तिनं तो जोरात दाबायचा. वहिनी बुरोंडीकडची. दादा मुंबईला नोकरीला, ती आमच्यात नवी. घरच्यांनी मला गृहीत धरलं होतं, ती मात्र मला शिकली. ताट ढकललं म्हणजे नको, ताटात बोट फिरवत बसले म्हणजे हवंय पण आत्ता नको. हा फरक आईलासुद्धा कळत नसे.

एका मे महिन्यात मला बघायला माणसं आली. मुलगा लोट्याला कारखान्यात कामाला, बरोबर त्याची आई आणि मामा. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, म्हणून बाबांनी सकाळीच बजावलं, "आज काही करू नको. नुसती बस." नुसतं बसणं तर मला झकास जमायचं!

ओटीवर पाट मांडला होता. मी बसले. मान खाली, कारण वर बघवत नव्हतं. तोंड बंद, कारण ते उघडत नव्हतं. आणि घाबरले होते, म्हणून ओठांवर हसू.

"बघा, लाजते कशी!" मुलाची आई खूश झाली. "हल्लीच्या पोरी कशा टकामका बघत असतात. आम्हाला अशीच हवी. थोरली सून तोंडाळ निघाली हो, ही उलटून एक शब्द बोलायची नाही."

घ्या! ज्याच्यासाठी शाळेत मार खाल्ला, त्याचंच इथे कौतुक. पण ते ऐकून मला कळलं. या बाईला मी नको होते, माझी दातखीळ हवी होती. त्या घरात माझं तोंड जन्मात उघडलं नसतं आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नसतं.

मुलगा स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "त्यांना विचारा ना एकदा."

मामा हसले. "गप्प मुलीला विचारायचं काय? गप्प म्हणजे होच."

आमच्याकडे जमलं की तिथल्या तिथे साखर वाटायचे. साखर तोंडात गेली की शब्द दिला गेला, मग मोडायचं म्हणजे गावभर नाचक्की. बाबांनी आत हाक मारली, "साखर आणा गो!"

वहिनी वाटी घेऊन उंबऱ्यात आली आणि थांबली. मी पाटाच्या कडेवर नखं घासत होते, म्हणजे नको, ते तिनं बघितलं. तिचा चेहरा उतरला. पण सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषांसमोर सुनेनं बोलायचं कसं?

"वन्संना जरा आत नेऊ का?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"नंतर. वाटी आण इकडे."

वाटी फिरली. मामांनी बकाणा भरला. मुलाच्या आईनं माझ्या तळहातावर साखर ठेवली. "खा गो बाय."

मी प्रयत्न केला, देवाशपथ केला. 'नको' एवढंच म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली. आणि वर हसू, मेलं ते हसू! बाबा डोळ्यांनी खुणावत होते, खा, खा.

मी त्या बाईचं मनगट धरलं. ती दचकली. तिचा हात उताणा केला, माझी साखर तिच्या तळव्यावर ओतली, चिकटलेले दाणेही झटकले आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

ती स्वतःच्या मुठीकडे बघत राहिली.

"मुलगी नको म्हणते," ती म्हणाली.

ती माणसं चहा टाकून निघून गेली. त्यांची पाठ वळताच बाबांनी हात उगारला. वहिनी मध्ये आली. पदर सावरत ती म्हणाली,

"मामंजी, त्या मघापासून नकोच म्हणत होत्या."

"मग तोंडानं सांगायला काय झालं?"

"त्या वेळी नाही येत त्यांना. तुम्हाला ठाऊक आहे."

बाबांचा हात खाली आला. ते अंगणात गेले.

संध्याकाळी मी गोठ्यात वैरण घालत होते, तिथे ते आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. दोन्ही तळहात पुढे केले. "हा हात, लग्नच नको. हा हात, हे स्थळ नको."

मी डाव्या तळहातावर बोट ठेवलं. स्थळ नको.

"बरं," ते म्हणाले. पण उठले नाहीत. सातवीनंतर त्यांनी मला शाळेतून काढलं होतं. मी मार खाऊन यायचे, कोपऱ्यात गप्प बसायचे, म्हणजे पोरीला शाळा नको, असं त्यांनी धरलं होतं. हात तसेच पुढे ठेवून त्यांनी विचारलं, "शाळा सोडवली तुझी. उजवा हात, सोडायची होती. डावा..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं बोट डाव्या हातावर होतं. बाबांनी तो हात बराच वेळ मागे घेतला नाही.