दसऱ्याची प्रत

माझा धंदा डेटाबेस सांभाळण्याचा. लोकांची माहिती तक्त्यांत, ओळीओळींनी लावून ठेवायची आणि हरवू द्यायची नाही, एवढंच काम. फतेगंजात एका ट्रस्टचा दवाखाना आहे. निवृत्त झाल्यावर बाबा रोज तिथे मदतीला बसायचे, आणि त्यांच्या आग्रहामुळे मी दवाखान्याला पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस बसवून दिला. तो फुकट मिळतो आणि तो आतून कसा बनलाय ते कोणालाही उघडून बघता येतं, हे बाबांना फार आवडलं होतं.

कागदावर तिथे घरटी एक केसपेपर असे, कर्त्या पुरुषाच्या नावाचा, आणि बाकीची माणसं त्याखाली. मी तेच जसंच्या तसं उचललं. कुटुंबप्रमुखाची एक ओळ, घरातले बाकी सगळे त्या ओळीला बांधलेले. वर नियम घातला, की प्रमुखाची ओळ पुसली की तिला बांधलेलं सगळं आपोआप पुसलं जावं, मागे कचरा नको. स्वतः बाई असून मला त्यात काही खटकलं नाही. उलट मी बाबांना म्हटलं, आता आपल्या घरातल्या आजारपणाच्या जुन्या फायली रद्दीत द्या, सगळं मशीनमध्ये आहे. त्यांनी दिल्या.

आमचं घराणं जुन्या संस्थानच्या शिलेदारांचं. दसऱ्याला अजून पाटावर तलवार निघते. गोत्रीच्या फ्लॅटमध्ये तलवार ठेवायची म्हणजे गंमतच, पण बाबांपुढे कोण बोलणार? दर वर्षी म्हणायचे, "तुझं हत्यार आण." लॅपटॉपला मी कुंकू लावू देईना. तेव्हा म्हणाले, "बरं, मग त्यातलं जे मोलाचं असेल ते आण." मी दवाखान्याच्या डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन पाटावर ठेवली, खरं तर त्यांना गप्प करायला. त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि तलवारीबरोबर लाल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

त्यानंतर चार महिन्यांनी बाबा गेले.

तेराव्यानंतर त्यांच्या फोनवर दवाखान्याचा मेसेज आला: आपल्या तपासणीची वेळ झाली आहे. फोन आईच्या हातात होता. ती फोन पालथा ठेवून आत गेली. माझं डोकंच फिरलं. गेलेल्या माणसांच्या नोंदींबद्दल दवाखान्यातल्या गुजराती बेन एकदा म्हणाल्या होत्या, "रहेवा दो ने, नाम कोने नडे छे?" राहू द्या, नाव कोणाला नडतंय? पण मला नडत होतं. मी बाबांची ओळ पुसली. मशीननं उत्तर दिलं, एक ओळ पुसली. बांधलेल्या किती गेल्या ते पोस्टग्रेस सांगत नाही. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, कारण मी रागात होते.

तीन महिन्यांनी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी आईला विचारलं, "बा, कोणत्या इंजेक्शनचा त्रास झाला होता?" वर्षांपूर्वी एका इंजेक्शननं आईचा श्वास अडकला होता, हे आम्हाला आठवत होतं. नाव बाबांना माहीत होतं. मी ऐटीत म्हटलं, थांबा, आणते. दवाखान्यात जाऊन आईचं नाव शोधलं. नाही. माझं शोधलं. तेही नाही.

रोजची प्रत कालच्या प्रतीवरच लिहिली जाईल, ही सोयही माझीच; त्यामुळे तीन महिन्यांपूर्वीची प्रत दवाखान्यात उरलीच नव्हती. दुनियेला सांगते, प्रत वेगळ्या जागी ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी येऊन आईला खरं ते सांगितलं, की बाबांबरोबर मी तुलाही पुसलं. ती हळूच म्हणाली, "ते गेले. मी नाही गेले गं अजून."

मला रडू आवरेना. आईच उठली, कपाटाशी गेली आणि लाल फडकं घेऊन आली. "हे बघ, यात काही आहे का. ते म्हणायचे, यात सगळा दवाखाना आहे."

पेनड्राइव्हच्या फटीत कुंकू वाळून बसलं होतं. सुईनं कोरून काढलं. रिकामा डेटाबेस उघडून त्यात ती प्रत ओतली, आणि आई सापडली. इंजेक्शनचं नाव, पुढे शेरा: अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. डॉक्टरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "उद्या हेच देणार होतो."

ऑपरेशन नीट झालं. मग मी तक्ते नव्यानं मांडले. आता प्रत्येक माणसाची स्वतःची ओळ आहे, कोणी कोणाला बांधलेलं नाही. बाबांची ओळही परत आणली. पुसली नाही, फक्त पुढे ते गेल्याची तारीख घातली. तारीख आईनं सांगितली.

या दसऱ्याला पाट आईनंच मांडला. तलवार पुसून ठेवली आणि मला म्हणाली, "आण तुझं हत्यार. पण आधी उघडून बघ, मी आहे ना त्यात?"

मी प्रत उघडली, तिची ओळ बघितली आणि मगच पाटावर ठेवली.